हेज म्हणजे सेफ, हे कोणी सांगितलं?

मा. संपादक यांस,
सा.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या अर्थपुरवणीत परदेशी शेअर्सच्या इंडेक्स फंडांवर (निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारे फंड) लेख आला होता. त्यात जाता जाता एक वाक्य टाकून दिलंय, की ज्यांना रिस्क नको त्यांनी करन्सी हेज्ड फंड घ्यावा, म्हणजे चलनाच्या चढउताराचं कव्हर लावलेला, आणि ज्यांना चालते त्यांनी अनहेज्ड, म्हणजे कव्हर नसलेला. झालं, विषय संपला. मी अमळनेरला राहतो, बत्तीस वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब सांभाळला, आणि या हेजने आमच्या शेठचं काय केलं ते त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून बघितलंय, म्हणून लिहितोय. पत्र लांब होणार, कापायचं तर कापा, पण आकडे कापू नका.

दुसरं निमित्त माझा भाचा. चोपड्याचा पोरगा, आता मेलबर्नला असतो. तुमच्या लेखाचा फोटो फॅमिली ग्रुपवर फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला आणि रात्री त्याचा फोन, "मामा, कोनतं लेऊ?" आठ वर्षं झाली जाऊन पण फोनवर अहिराणीच. त्याचा प्रश्न खरा आहे कारण तिकडे खरोखर दोन्ही मिळतात, व्हॅनगार्ड या फंड कंपनीचे व्हीजीएस आणि व्हीजीएडी, दोन्हींत ऑस्ट्रेलिया सोडून बाकी विकसित देशांतल्या त्याच मोठ्या कंपन्या, खर्चही जवळपास सारखाच, एकाचा ०.१८ टक्के आणि दुसऱ्याचा ०.२१, फरक एवढाच की दुसऱ्याला डॉलर-युरो-येनच्या चढउताराचं कव्हर लावलेलं. आपल्याकडे मात्र एस अँड पी ५०० नाहीतर नॅस्डॅक १०० या अमेरिकन निर्देशांकांचे जे फंड लोक घेतात ते जवळजवळ सगळे अनहेज्डच. त्यात २०२२ मध्ये सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात गुंतवायची ७ अब्ज डॉलरची मर्यादा भरत आली म्हणून सेबीने नवीन पैसे घेणंच थांबवायला लावलं होतं, तेव्हा तर तोही मिळेना. म्हणजे तुमचा सल्ला असा झाला की पाटीवर भरीत-भाकरी लिहिलंय आणि आत वांगीच नाहीत.

आता आमच्या शेठची गोष्ट. आमच्या गाठी बाहेर जायच्या, पैसे डॉलरमध्ये यायचे दोन-तीन महिन्यांनी. २००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, शेठने कधी फॉरवर्ड बुक केला नाही (म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आजच बांधून घेणं), म्हणायचे बँकेला कशाला पोसायचं. त्या वर्षी रुपया चढत गेला आणि दिवाळीपर्यंत डॉलर ३९ वर. सौदा करताना ४४ ने हिशेब केलेला, हातात पडले ३९ ने, जिनिंगमध्ये मार्जिन केवढं असतं ते धंद्यातल्याला विचारा. शेठने ऑफिसातल्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलने डॉलरचा भाव लिहायला सुरुवात केली. मग २००८ उजाडल्यावर मला म्हणाले, आता सगळं बुक करायचं, एक डॉलर उघडा ठेवायचा नाही. बँकेची कन्फर्मेशनं मीच फाइलला लावली, ४० च्या आसपासची सगळी, काही तर पुढच्या सौद्यांची जे अजून झालेही नव्हते. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ही मोठी बँक बुडाली, वर्ष संपायच्या आत डॉलर ५० ला टेकला. शेजारच्या जिनिंगवाल्याला ४८-४९ मिळत होते, आम्ही ४० ने देत होतो, आणि जे सौदे झालेच नाहीत त्यांचा फरक खिशातून भरला. कॅलेंडर शेठने डिसेंबरच्या आधीच काढून टाकलं.

चूक हेज न करण्यात नव्हती आणि करण्यातही नव्हती, मार बसला की बाजू बदलायची यात होती. फंड घेणाराही हेच करतो, गेल्या वर्षी ज्याने जास्त दिलं तो या वर्षी घेतो.

पण शेठच्या आणि भाच्याच्या हेजमध्ये एक मोठा फरक आहे आणि तो लेखात कुठेच नाही. शेठला किती डॉलर येणार आणि कोणत्या तारखेला येणार हे माहीत होतं (निदान माहीत असायला हवं होतं). इंडेक्स फंडात तसं काही नसतं, शेअरचा भाव रोज हलतो, तारीख नाही, रक्कम नाही. म्हणून फंडवाले साधारण महिन्याभराचे फॉरवर्ड घेतात आणि दर महिन्याला रोल करतात, म्हणजे जुना संपला की नवीन घेतात. कव्हरमध्ये तोटा झाला की तो तिथल्या तिथे कॅशने भरावा लागतो, आणि कॅश नसेल तर शेअर विकून. फायदा झाला तर उलटा प्रॉब्लेम, ऑस्ट्रेलियात तो फायदा युनिटधारकांना वाटून टाकतात आणि त्यावर त्या वर्षी टॅक्स. भाचा सांगत होता की हेज्डवाल्याचं डिस्ट्रिब्युशन एखाद्या वेळी काहीच नाही आणि एखाद्या वेळी एकदम ढीगभर. ०.०३ टक्क्याच्या फरकापेक्षा हे जास्त टोचणारं आहे.

आणि हेजच्या खर्चाबद्दल लोक जे सरसकट सांगतात तेही अर्धवट. खरा खर्च किंवा कमाई येते दोन देशांच्या व्याजातल्या फरकातून. आपल्याकडचं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त, म्हणून पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग असतो, आणि जो डॉलर पुढच्या तारखेला विकतो त्याला तो प्रीमियम मिळतो. शेठला मिळायचा. रुपयात राहणाऱ्या माणसासाठी कोणी अमेरिकन शेअर्सचा हेज्ड फंड काढला तर त्यालाही तो प्रीमियम मिळेल, जाणार नाही. उलट जपानी माणसाने डॉलर हेज केला तर त्याच्या खिशातून जातो कारण तिकडे व्याज अगदी थोडं. ऑस्ट्रेलियाचं आधी व्याज जास्त होतं तेव्हा तिथल्या लोकांना मिळायचा, मागच्या काही वर्षांत अमेरिकेचं व्याज वर गेलं तेव्हा उलटं झालं. तेव्हा "हेज महाग पडतो" किंवा "स्वस्त पडतो" असं सरसकट लिहिता येत नाही, कोणत्या चलनातून कोणत्या चलनाला हे आधी सांगावं लागतं.

मग सेफ कोणतं? माझं म्हणणं असं की बाजार पडतो तेव्हा तुमच्या घरचं चलन कुठे जातं ते बघा. जगात घबराट झाली की लोक डॉलरकडे पळतात, आणि रुपया, ऑस्ट्रेलियन डॉलर ही चलनं खाली येतात. २०२२ घ्या. एस अँड पी ५०० लाभांश धरून १८ टक्के पडला. पण डॉलर त्याच वर्षात साधारण ७४ वरून ८२ च्या वर गेला, त्यामुळे रुपयात बघितलं तर तोटा ९ टक्क्यांच्या आसपास. उघडं ठेवलेल्या, म्हणजे हेज न केलेल्या डॉलरने निम्मा मार खाल्ला, आणि हेज केला असता तर ही गादी आपणच काढून टाकली असती. ऑस्ट्रेलियाचं २००८ तर याहून ठळक आहे, जुलैमध्ये त्यांचा डॉलर ९८ अमेरिकन सेंटला, ऑक्टोबर संपायला आला तेव्हा साठीच्या घरात. त्या वर्षी एमएससीआय वर्ल्ड हा विकसित देशांतल्या शेअर्सचा निर्देशांक अमेरिकन डॉलरमध्ये ४० टक्के पडला, पण उघड्या फंडातल्या ऑस्ट्रेलियन माणसाला त्याच्या चलनात पाव भाग तोटा झाला. मार्च २०२० मध्ये पुन्हा तेच, ऑस्ट्रेलियन डॉलर ५५ सेंटपर्यंत. म्हणजे लेखात ज्याला रिस्की म्हटलंय त्याने वाईट दिवसात सांभाळलं.

आता दुसरी बाजू लिहिली नाही तर मीपण लेखकासारखाच. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर ५० सेंटच्या खाली होता आणि २०११ च्या जुलैत १ डॉलर १० सेंट, दहा वर्षं. या काळात उघडा फंड घेऊन बसलेल्याला काय वाटलं असेल, जग वर जातंय आणि आपलं स्टेटमेंट जागेवर. जपानचं २०१३ घ्या, तिथला निर्देशांक निक्केई ५७ टक्के वर, पण येन इतका घसरला की अमेरिकेतल्या उघड्या गुंतवणूकदाराला डॉलरमध्ये तीस टक्केही हाती लागले नाहीत, हेज्डवाल्याला जवळपास सगळे मिळाले. आपल्याकडेही २००२ ते २००७ रुपया ४८ वरून ३९ पर्यंत चढलाच होता, रुपया कायम पडतोच असं धरून चालणारे ते विसरतात. पाच-दहा वर्षं चलन एका बाजूला चालू शकतं, आणि ते सहन होत नसेल तर अर्धं-अर्धं घ्यावं आणि नंतर हात लावू नये. यात हुशारी नाही पण शेठसारखं कॅलेंडर फाडायची वेळ येत नाही.

आमच्या भागातल्या लोकांना यात काही नवीन आहे असं मला वाटत नाही, फक्त नाव माहीत नाही. जळगावच्या सराफ बाजारात पोरीच्या लग्नाला सोनं घेतो तेव्हा काय घेतो? सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो, रुपया पडला की तोळा महाग होतो, म्हणजे आमच्या आयाबायांनी पिढ्यान् पिढ्या अनहेज्डच घेतलंय आणि त्यांना कोणी रिस्की म्हटलं नाही. आणि अमळनेरला तर विप्रो. १९४५ ला इथे वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली, गावातल्या ज्यांनी शेअर घेऊन ट्रंकेत टाकून दिले त्यांच्या घरांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. तो शेअर रुपयात विकला जातो, पण कंपनीची कमाई बरीचशी डॉलरमध्ये, रुपया पडला की तिचा फायदा वाढतो. तर मग तो शेअर रुपयाचा की डॉलरचा? हाच प्रश्न परदेशी फंडातही आहे. नेस्ले स्विस शेअरबाजारात आहे पण तिचा माल विकला जातो जगभर, आणि हेज्ड फंड मात्र स्विस फ्रँक धरून कव्हर घेतो कारण शेअरचा भाव त्यात छापलेला असतो. हे कव्हर पूर्ण बसत नाही, कुठेतरी उघडं राहतंच, आणि मोठ्या कंपन्या स्वतःही आतल्या आत हेज करत असतात ते वेगळंच.

भाच्याला मी काय सांगितलं? आधी विचारलं की पैसे कधी लागणार. म्हणाला तीन वर्षांनी घराचं डाउन पेमेंट. मी म्हटलं तर मग हेज्ड-अनहेज्ड सोड, ते पैसे शेअर्समध्येच नको, बँकेत ठेव. राहिले रिटायरमेंटचे, वीस-पंचवीस वर्षांचे, ते ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये खर्च होणार की निम्मे इकडे चोपड्याला येऊन रुपयात, ते त्यालाच माहीत नाही. जिथे कोणत्या चलनात खर्च होणार हेच माहीत नाही तिथे मी तरी कव्हर घेणार नाही. त्याची बायको मात्र म्हणाली तीस टक्के हेज्ड ठेवू, झोप लागेल. ठेवा म्हटलं, फक्त दर वर्षी आकडा बदलू नका. आणि इथला ज्याचा पोरगा चार वर्षांनी अमेरिकेत शिकायला जाणार असेल त्याने तर डॉलर उघडाच ठेवावा, त्याची फी रुपयात मागणार नाहीत.

तुमच्याकडे एकच मागणी आहे. रविवारच्या पुरवणीत परदेशी फंडांच्या रिटर्नचा जो तक्ता येतो त्यात एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं असे आकडे असतात. त्याला दोन रकाने जोडा, यातलं बाजाराने किती दिलं आणि रुपया पडल्यामुळे किती आलं. डॉलरचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाव घेतला की गणित पाच मिनिटांचं आहे, कोणी करायला नसेल तर मी अमळनेरहून करून पाठवतो, रिकामाच आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस
अमळनेर, जि. जळगाव