मे महिन्यातल्या सरसकट छाटणीबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती

विषय : मागच्या अंगणातील झाडांची छाटणी पुढे ढकलण्याबाबत

स. न. वि. वि.

‘पावसाळ्यापूर्वी सर्व झाडांची सरसकट छाटणी’ अशी नोटीस बोर्डावर लागली आहे. धोकादायक फांद्या काढायलाच हव्यात. आक्षेप ‘सरसकट’ या शब्दाला आणि मे महिन्याला आहे.

यादीत पहिली असलेली गुलमोहराची वाळकी फांदी एकदा खालून पाहावी. तिच्यावर साधारण पाच सेंटिमीटरचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक आहे. ती कीड नव्हे, तांबट पक्ष्याचं घर आहे. दुपारभर ‘टुक टुक’ ऐकू येतं तोच हा. तो वाळून मऊ पडलेलंच लाकूड कोरतो आणि दार खालच्या अंगाला ठेवतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पार्किंगवर आलेलं टोक उतरवा, बुंध्याकडचा चार-पाच फुटांचा भाग भोकासह राहू द्या. भार गेला की धोकाही बराच कमी होतो.

कुंपणाच्या मेंदीत बुलबुल आणि शिंपी आहेत. शिंप्याने दोन पानांच्या कडा कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याने शिवलेल्या असतात. कात्री चालवणाऱ्याला ते घरटं दिसतच नाही. बुलबुलाची अंडी उबून पिल्लं घरट्याबाहेर पडायला सुमारे चार आठवडे लागतात. तेवढी वाट पाहिल्याने कुंपणाचं काही बिघडत नाही.

शोधायची रीत सोपी आहे. सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान प्रत्येक झाडापासून दहा-पंधरा पावलांवर वीस मिनिटं शांत उभं राहायचं. चोचीत अळी घेऊन पक्षी पुन्हा पुन्हा एकाच जागी शिरला, की तिथे पिल्लं आहेत. त्या फांदीला लाल फीत बांधा. घरट्यात डोकावू नका. आपल्या मागोमाग कावळा येतो.

आता छाटणीविषयी. आत्ता फक्त मोडलेल्या, लोंबणाऱ्या, तारांना टेकलेल्या फांद्या काढाव्यात, बाकी काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. झाड बोडकं करू नये. शेंड्याखाली फुटणारे नवे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि दोन-चार वर्षांत वादळात तेच आधी तुटतात. म्हणजे आपण पैसे देऊन धोका वाढवतो. जाड फांदीला आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग किंचित पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याबाहेरून. थेट वरून कापलं की फांदी साल सोलत खाली येते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते.

छाटणीसाठीही पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी. झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी मोडणं ‘शिकारी’तच मोडतं.

पारव्यांच्या तक्रारी रास्त आहेत, पण तो प्रश्न झाडांचा नाही. कौलं गेली, वळचणी गेल्या, अंगणात धान्य पाखडणं गेलं; चिमण्याही गेल्या. कड्याकपारींत राहणाऱ्या पारव्यांना मात्र आपले एसीचे सज्जे म्हणजे तयार कडेच मिळाले. गच्चीवर दाणे टाकणं बंद करावं आणि जाळ्या ताणून बसवाव्यात. सैल, फाटक्या जाळीत पारवा राहतो बाजूला, दयाळ पक्षीच अडकतो.

पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती चारही बाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवावी. दयाळ किडे तिथेच टिपतो, आणि पाणीही तिथूनच मुरतं.

पाहणीला आम्ही तिघे सभासद छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला खाली येऊ. ठेकेदाराने त्या दिवशी शिडी आणू नये, एवढंच त्याला कळवावं.

कळावे,
बी विंगमधील एक सभासद