विषय: 'चवीनुसार मीठ' आणि तुमचा बार्बेक्यू मसाला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(कंपनीचं नाव पाकिटावर ठसठशीत छापलंय, ते मी तुम्हाला सांगायला नको.)

महोदय,

स.न.वि.वि. मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्या माणसाशी आज दुपारी तिसऱ्यांदा फोनवर बोलून झालं आणि त्यानंतर अर्ध्या तासात 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आला. कुणाचं समाधान झालं ते कळवावं.

मी तुमच्या 'अस्सल टेक्सास' बार्बेक्यू मसाल्याची 100 ग्रॅमची दोन पाकिटं घेतली. प्रत्येकी 299 रुपये, एकूण 598. गच्चीवर कोळशाची शेगडी, चौदा माणसं, तीन किलो चिकनच्या तंगड्या. पाकिटामागे तुम्ही कृती छापली आहे: किलोला 4 मोठे चमचे मसाला, चवीनुसार मीठ, रात्रभर मुरवा, मग धगधगत्या निखाऱ्यांवर 25 मिनिटं भाजा. मी अक्षरशः तसंच केलं. मी कोल्हापूरची आहे, दर उन्हाळ्यात डंकावर उभी राहून वर्षाची चटणी कुटून आणते, तरीही तसंच केलं. म्हटलं, हे आपल्या हातचं काम नव्हे, ज्यांनी बनवलंय त्यांना कळत असेल.

दहाव्या मिनिटाला तंगड्या कोळशासारख्या काळ्या झाल्या. आत हाडाजवळ लालच. कात्रीने उघडून, पुन्हा भाजून वाढल्या तर इतक्या खारट, की पाहुण्यांनी भाकरी आणि दही मागून घेतलं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं तुम्हाला ऐकता आलं नाही, हे तुमचं नशीब.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे हा नियम तुम्ही पाळलाय, त्याबद्दल आभार. पहिलं मीठ. दुसरी साखर. मग मिरची पूड, कांदा, लसूण, आणि पुढच्या बाजूला जिचे टपोरे दाणे फोटोत उधळलेत ती काळी मिरी, 4 टक्के. सोडियम 100 ग्रॅमला 14,800 मिलिग्रॅम. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: 37 ग्रॅम. साखर 31. म्हणजे 100 ग्रॅमच्या पाकिटात 68 ग्रॅम मीठ-साखर. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ 28 रुपये किलो आणि साखर 45. हिशेब केला, अडीच रुपयांचा माल होतो.

अजून एक. त्यात धुराचा कृत्रिम स्वादही आहे. जो मसाला निखाऱ्यावर भाजायला सांगता त्यात धूर बाहेरून कशाला? शेगडीवर विश्वास नाही?

आता टेक्सासचं. जाऊबाईंचा मुलगा टेक्सासातल्या ऑस्टिनला असतो, सुट्टीवर आला होता, त्याने पाकीट वाचलं आणि हसत सुटला. तिकडे मध्य टेक्सासात ब्रिस्केटला, म्हणजे बीफच्या छातीकडच्या मांसाला, जाडसर मिरी आणि मीठ लावतात, बऱ्याच ठिकाणी तेवढंच. साखर आणि पॅप्रिका, म्हणजे तिकडची सौम्य लाल मिरची पूड, घातलेला गोडसर मसाला कॅन्सस सिटीकडचा. आणि तो चालतो का, तर ते लोक 110-120 अंशांवर, झाकण लावून, तासन्‌तास धुरात शिजवतात. साखर 160 अंशांच्या आसपास करमेल व्हायला लागते आणि त्याच्या थोडं वर गेलं की करपून कडू. उघड्या निखाऱ्यांवर त्याहून कितीतरी जास्त धग असते. म्हणजे नाव एका गावाचं, मसाला दुसऱ्या गावाचा आणि भाजायची पद्धत तिसऱ्याच कुणाची. हे तुमच्या प्रयोगशाळेत कुणाच्याच लक्षात आलं नाही?

आता आजचा फोन. हा संवाद मी तुमच्यासाठी मुद्दाम पूर्ण लिहिते, कारण 'कॉल प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रित होऊ शकतो' असं तुम्ही सांगता आणि तो कुणी ऐकत असेल असं मला वाटत नाही.

तो: "मॅडम, वरून मीठ घातलं होतं का?"

मी: "घातलं. किलोला एक लहान चमचा. तुमच्याच पाकिटावर लिहिलंय, चवीनुसार मीठ."

तो: "मग मॅडम, तुमची चवच खारट असेल."

मी गप्प. इथे थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पुढे विचारतो, "घरात ग्रिल कोण करतं? सरांना फोन देता का, त्यांना नीट समजावतो." आमचे 'सर' त्या वेळी आत झोपले होते. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी गॅस पेटवला तो फक्त चहासाठी. मी म्हटलं, ग्रिल मी करते. थोडी शांतता. मागे कुणीतरी हसलं, ते स्पष्ट ऐकू आलं. आणि मग, पहिल्या फोनला मी मॅडम होते, तिसऱ्याच्या शेवटी काकू झाले: "काकू, एवढं असेल तर घरीच करत जा ना मसाला. पाकिटाचा सगळ्यांना जमत नाही."

जमत नाही! पाकीट फोडून चार चमचे मोजणं मला जमत नाही. बरं.

मग मी केला घरी. गेल्या रविवारीच, म्हणजे तुमच्या माणसाने सल्ला देण्याआधीच. किलोभर तंगड्यांना काट्यावर मोजून 12 ग्रॅम मीठ आदल्या रात्री. तुमच्या कृतीत मसाल्यातूनच 15 ग्रॅम जात होतं, वर 'चवीनुसार' वेगळं. सकाळी खलबत्त्यात भरड कुटलेली मिरी, ब्याडगीची पूड, भाजलेले धणे-जिरे, चिमूटभर मोहरी. गुळाचं पाणी शेवटच्या पाच मिनिटांत, ब्रशने. एकही तुकडा करपला नाही.

खोटं बोलणार नाही, कांदा पावडर मला जमली नाही. उन्हात वाळवलेला कांदा मिक्सरमध्ये फिरवल्यावर दोन दिवसांत दगड झाला. ते काम कारखान्याचंच, आणि त्यासाठी मी आनंदाने पैसे मोजेन. बिनमिठाचा, बिनसाखरेचा मसाला काढा, 299 ला काढा, मी घेईन. मीठ माझ्या घरात आहे. माणसं विकतचं घेतात ती घरी येत नाही म्हणून नव्हे, घरी वेळ नसतो म्हणून. त्या वेळेचे पैसे घेऊन तुम्ही मीठ विकलंत.

आणि पुन्हा सांगते, कारण तुमच्या तिघांपैकी एकालाही हे समजलेलं नाही: ज्या मसाल्यात सगळ्यात जास्त मीठच आहे, त्याच्या कृतीत 'चवीनुसार मीठ' लिहू नका. ती ओळ खोडायला किती खर्च येतो?

माझ्या मागण्या साध्या आहेत. 598 रुपये परत. कृती दुरुस्त. आणि आजच्या फोनबद्दल लेखी माफी, 'काकू'ला नाही, ग्राहकाला. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करेन, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याखाली एवढ्या लहान दाव्याला शुल्क लागत नाही, हे मी विचारून ठेवलंय. मला वेळ नाही, पण या कामासाठी काढेन.

वाईट याचंच वाटतं की तुमची हळद सासूबाईंच्या मिसळणाच्या डब्यात असायची, आणि त्यांच्यानंतर माझ्याही. परवा पहिल्यांदा लक्ष्मीपुरीतून सुटी आणली.

एक माजी ग्राहक,
कोल्हापूर

ता. क. : दुसऱ्या पाकिटातला उरलेला 80 ग्रॅम मसाला आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र लिहीत असताना 'आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?' असा मेसेज पुन्हा आला. चवीनुसार दिले आहेत.