तीनने पुढे, सहा सेकंद

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
१२ एप्रिल २०२५

प्रिय विन्या,

"आहेस का गेलास?" या तुझ्या मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला, त्यावर तू काय बोलला असशील ते इथे बसून ऐकू आलं. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ऐकत नाहीस, माझं वाक्य अर्धं झालं की तुझा मुद्दा सुरू. पत्रात तुला गप्प बसावं लागतं. तब्येत ठीक. शुगर गोळीवर, गुडघा तसाच. स्मिताही बरी.

विषय आमच्या ईशानचा आहे.

तो कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मॅनेजर झाला तेव्हा तू म्हणालास, "म्हणजे टॉवेल धुणार." टॉवेल आहेतच, शूटिंगच्या वेळी बॉल आणून देणंही आहे. पण पोरगा स्टॅटिस्टिक्सचा. त्याने कोचसाठी एक कागद तयार केला, मॅचच्या शेवटच्या चार मिनिटांचा. आघाडी किती, वेळ किती, टाइमआउट किती उरले, अॅरो (बॉल अडकला की तो कुणाला मिळणार हे दाखवणारा बाण) कुणाच्या बाजूला, टीम फाऊल किती, आणि त्यावरून काय करायचं. इथल्या मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये अजून वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. हाफमधल्या सातव्या फाऊलपासून "वन अँड वन", म्हणजे पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळणार. दहाव्यापासून सरळ दोन. सात, आठ, नऊ या फाऊलना पहिलाच थ्रो चुकला की बसलात. समोरचा कच्चा फ्री थ्रोवाला शोधून त्यालाच धरायचं, हे इथलं जुनं शास्त्र. तर कोचला तो कागद इतका आवडला की त्याने लॅमिनेट करून घेतला. ईशानने मला फोटो पाठवला, मी स्मिताला दाखवला, ती म्हणाली, "हे पंचांग आहे का?"

फेब्रुवारीतली मॅच. तीनने पुढे, सहा सेकंद बाकी, बॉल त्यांच्याकडे. कागद म्हणतो, फाऊल करा. दोन फ्री थ्रो देऊन टाका, दोन्ही पडले तरी आपण एकने पुढे, थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारून बरोबरी साधायची त्यांना संधीच नाही. कोचने टाइमआउटमध्ये तेच सांगितलं. आपल्या टीममधला एक पोरगा धरायला धावला, पण त्याचा हात पोहोचेपर्यंत समोरचा उडालेला होता. शिट्टी. शूटिंग फाऊल, तीन फ्री थ्रो. तिन्ही आत. एक्स्ट्रा टाइममध्ये चार पॉइंटने हरले.

ईशानला कुणी एका शब्दाने बोललं नाही. कोचने सगळ्यांसमोर सांगितलं, निर्णय माझा होता. आणि तेच त्याच्या मनाला लागलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर तो भांडला असता, आकडे काढून दाखवले असते. हा समजूतदारपणा त्याला झेपला नाही. टीम सोडली. कॉलेज जवळ आहे म्हणून शनिवार-रविवार घरी येतो, जेवतो, वर जातो. विचारलं तर "आय अॅम फाइन". ते फाइन कसलं असतं ते तुला ठाऊक आहे. आपल्या त्या फायनलनंतर तू मेसला यायचा बंद झालास आणि रात्री कोर्टवरून एकट्याच बॉलचा आवाज यायचा, तेव्हा विचारलं की तूही "काही नाही रे" म्हणायचास.

आता तू उसळशील की त्या फायनलचा इथे संबंध काय. आहे ना! मी बेंचवरून "धर, धर त्याला" म्हणून घसा फोडत होतो आणि तू हात वर करून पुतळ्यासारखा उभा. त्याने तुझ्या डोक्यावरून टाकला. तीस वर्षं तू सांगतोयस की डिफेन्स बरोबर होता, शॉट नशिबाचा होता. तीस वर्षं मी सांगतोय की धरायला हवं होतं. ईशान लहानपणापासून हे भांडण ऐकत मोठा झाला, आणि कागदावरची ती ओळ आमच्या घरातूनच गेली. तू लगेच खूश होऊ नकोस. ती ओळ चूक होती असं मला आजही वाटत नाही.

२००८ आठव. इथल्या कॉलेजांची फायनल, कॅन्सस विरुद्ध मेम्फिस. सव्वादोन मिनिटं राहिली होती तेव्हा मेम्फिस नऊने पुढे. मग त्यांनी शेवटच्या पाच फ्री थ्रोंपैकी चार घालवले, वर्षभर लोक त्यांच्या फ्री थ्रोंना नावं ठेवत होते ते सगळं एका मिनिटात वसूल झालं. १०.८ सेकंद असताना मेम्फिसच्या डेरिक रोझने दोनातला एक टाकला, ६३-६०. तीनने पुढे! त्यांचा कोच कलिपारी, त्याला फाऊलच हवा होता. रोझ कॅन्ससच्या शेरॉन कॉलिन्सच्या अंगावर गेलासुद्धा, कॉलिन्स धडपडला, पण शिट्टी वाजली नाही. पडता पडता त्याने बॉल मारिओ चाल्मर्सला दिला आणि २.१ सेकंदांवर थ्री. एक्स्ट्रा टाइममध्ये कॅन्सस ७५-६८. म्हणजे बघ, तिथे धक्का हलका पडला म्हणून फाऊल मिळाला नाही, आणि ईशानच्या मॅचमध्ये उशिरा पडला म्हणून नको तो मिळाला. बेत दोन्हीकडे एकच. बेताला शिक्षा कशी द्यायची? (मेम्फिसचा तो सीझन पुढे एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेने, रद्द केला, कागदोपत्री ते त्या फायनलला नव्हतेच. आपल्यालाही अशी सोय हवी होती लेका.)

हे मी ईशानला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्या बाजूने आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं." आता यावर काय बोलणार?

मग २०१० सांगितलं. ड्यूक आणि बटलर, इंडियानापोलिसमधली फायनल. ड्यूक एकने पुढे, ३.६ सेकंद, ब्रायन झूबेक लाइनवर, दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसरा ड्यूकच्या कोचने, क्रिझेवस्कीने, मुद्दाम चुकवायला लावला! बटलरकडे टाइमआउट उरला नव्हता. थ्रो पडला असता तर त्यांना लाइनबाहेरून नीट बॉल आत घेता आला असता. चुकला तर रिबाउंडसाठी मारामारी करा आणि घड्याळ चालू असताना लांबून फेका. पण दुसरा पडला असता तर आघाडी तीनची झाली असती आणि हाफ कोर्टवरून पडलेल्या शॉटनेही फक्त बरोबरी झाली असती. दोनवरच ठेवल्यामुळे त्याच शॉटने मॅच गेली असती. बटलरच्या गॉर्डन हेवर्डने हाफ कोर्टवरून टाकला, बोर्डला लागला, रिंगला लागला, बाहेर आला. ६१-५९. चार बोटं इकडे असता तर क्रिझेवस्कीसारख्या माणसाला लोकांनी जन्मभर वेड्यात काढलं असतं. तो आत गेला नाही म्हणून ती धूर्त चाल ठरली. मला ती चाल तेव्हाही पटली नव्हती आणि जिंकल्यावरही पटली नाही. तूच तेव्हा मेल केला होतास, "जिंकलेल्याला कोण विचारतो."

त्या दिवशी ड्यूककडून कोर्टवर जॉन शायर होता. तोच आता ड्यूकचा कोच. आणि गेल्या शनिवारी, ५ एप्रिलला, सॅन अँटोनियोमध्ये, २००८ ची फायनल झाली त्याच अॅलमोडोमच्या छपराखाली, ड्यूक-ह्यूस्टन सेमीफायनल. तू पहाटे उठून पाहिली असशीलच. इथे ड्यूक अर्ध्या तासावर, शेजारी सगळे निळे झेंडे लावून बसलेले. ईशान वरच होता. आठ मिनिटं राहिली तेव्हा ड्यूक चौदाने पुढे, मी चहा टाकायला उठलो. शेवटच्या मिनिटाला तो खाली आला आणि जिन्यातच उभा राहिला. सहाने पुढे. ह्यूस्टनच्या शार्पचा थ्री, ड्यूक तीनने पुढे. मग ड्यूकने बॉल आत टाकतानाच घालवला, ह्यूस्टनच्या टगलरने परत आलेला बॉल डंक केला, एकने पुढे. ड्यूकचा टायरिस प्रॉक्टर फ्री थ्रोला, वन अँड वन. पहिलाच चुकला, आणि रिबाउंडवर ड्यूकच्याच कूपर फ्लॅगचा फाऊल. जे. रॉबर्ट्सने दोन्ही टाकले. ह्यूस्टन पुढे. फ्लॅगचा शॉट तोकडा पडला, वर ह्यूस्टनचे आणखी दोन फ्री थ्रो. ७०-६७. पस्तीस सेकंदांत नऊ-शून्य, विन्या! यात शायरने नक्की काय करायचं होतं? टाइमआउट कधी घ्यायचा? बॉल आत टाकायला दुसरा माणूस ठेवायचा? तू आता यादी करशील. इथे टीव्हीवाल्यांनी रात्रभर केली.

ईशान एवढंच म्हणाला, "त्यांच्याकडेही कुणीतरी असा कागद केला असेल." आणि वर गेला.

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाही. मी इथे मजेत मॅच बघत होतो आणि पोरगा तिथल्या बेंचवर मागच्या रांगेत कोण बसलंय ते शोधत होता.

दोन दिवसांनी फायनल. ७ एप्रिल, २००८ ची फायनलही ७ एप्रिललाच होती. ज्या ह्यूस्टनने ड्यूकला शेवटच्या सेकंदांत खाल्लं, त्यांनाच फ्लोरिडाविरुद्ध दोनने मागे असताना शेवटचा शॉटसुद्धा टाकता आला नाही. शार्प थ्रीसाठी उडाला, फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन अंगावर आला, शार्पने हवेतच बॉल सोडून दिला आणि मग त्याला हात लावायची सोय नाही, लावला तर ट्रॅव्हलचा नियमभंग. ६५-६३. ह्यूस्टनचा कोच, सत्तरीच्या घरातला केल्विन सॅम्पसन, त्याच्याइतकी शेवटची मिनिटं किती जणांनी बघितली असतील? मी ईशानला हाक मारली, तो आला नाही. मी एकट्यानेच तो तुकडा चार वेळा बघितला. हे ह्यूस्टनचं कपाळच. १९८३ मध्ये इथल्याच रॅलीच्या एन. सी. स्टेटने त्यांना असंच गाठलं होतं. तेव्हा कॉलेजच्या त्या स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे ठरल्या सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, नव्हता. ह्यूस्टनने आघाडी घेऊन खेळ संथ केला, स्टेटच्या कोचने, जिम वॅल्व्हानोने, फाऊल करायला लावले, ह्यूस्टनने फ्री थ्रो घालवले, आणि शेवटी स्टेटच्या व्हिटनबर्गचा तोकडा शॉट त्यांच्याच चार्ल्सने हवेतच झेलून डंक केला. ५४-५२. इथे अजून म्हातारे किराणाच्या रांगेत हे सांगतात.

मला तुझ्याकडून काय हवंय ते सांगतो. त्याला समजावू नकोस. समजावणारे इथे ढीगभर आहेत, कॉलेजचा काउन्सेलरसुद्धा आहे. मिशिगनच्या वेबरचं मी सांगून बसलोय, ९३ ची फायनल, नसलेला टाइमआउट मागितला, आणि तरी पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. ("ती तुमची ब्लॅक-अँड-व्हाइट मॅच ना?" म्हणाला. मी नेलेली अमेरिकन कॅसेट तुझ्या व्हीसीआरवर राखाडी दिसली होती आणि संज्याने विचारलं होतं, ही स्वातंत्र्यापूर्वीची का. हेसुद्धा पोराला पाठ आहे.) आणि ९२ च्या ड्यूक-केंटकी मॅचचंही तू सांगू नकोस. केंटकीच्या कोचने, पिटिनोने, बॉल टाकणाऱ्या ड्यूकच्या ग्रँट हिलसमोर माणूस का ठेवला नाही यावर तू सुरू झालास की तासाभराची निश्चिंती. सांगायचंच असेल तर क्रिझेवस्कीने त्या टाइमआउटमध्ये काय केलं तेवढं सांग. हिलला विचारलं, एवढ्या लांब फेकशील का. लेटनरला विचारलं, पकडशील का. आणि हेही सांग की त्याच सीझनमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध असाच पास वळून बाहेर गेला होता, तरी परत तोच काढला.

तू फक्त एक कर. तू शिकवतोस त्या पोरींच्या टीमसाठी त्याच्याकडून तसाच कागद मागून घे. खरा मागायचा, दया म्हणून नाही. त्याला इथला चालायचा नाही, सगळं नव्याने मांडावं लागेल. आपल्याकडे क्वार्टरमधल्या पाचव्या फाऊलपासून सरळ दोन, वन अँड वन नाहीच. टाइमआउट खेळाडूने मागायचा नाही, कोचनेच. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउटनंतर बॉल पुढच्या अर्ध्यात नेता येतो. आणि बॉलकडे न बघता नुसतं धरलं तर अनस्पोर्ट्समनलाइक, दोन फ्री थ्रो वर बॉलही त्यांचा. म्हणजे "तीनने पुढे" ही ओळ त्याला परत लिहावी लागणार. तुझं मत त्याला आधीच ठाऊक आहे, तेव्हा भांडेलच. भांडू दे. माझ्याशी तो भांडत नाही हीच पंचाईत आहे.

रविवारी तुझी प्रॅक्टिस सुटते साडेआठला, इथे शनिवार रात्रीचे अकरा. तो जागा असतो. नंबर तोच. मी लिहिलंय हे सांगू नकोस, तसं त्याला कळेलच.

तुझं काय? वाड्याची केस पुढे सरकली का तारखाच? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मुक्ताच्या लग्नाला डिसेंबरमध्ये येतोय, तिकिटं बघतोय, हॉटेल नको, तुमच्याकडेच गादी टाक. बाकी समक्ष.

तुझा,
पक्या

ता. क. फायनलचा तू सांगतोस तो शॉट तीस फुटांवरून नव्हता. मी बेंचवर होतो, मला दिसत होतं. फार तर बावीस.