निफाडची थंडी वेगळी, मिनेसोटाची वेगळी

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाने लिहिलं होतं की थंडीत टिकणाऱ्या अमेरिकन वाइन द्राक्षाच्या जाती निफाडला आणा, त्यावर हे पत्र. पोरगा अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसला असतो, मागच्या मार्चमध्ये गेलो तेव्हा तिथली एक बाग बघितली. बर्फ गुडघाभर, वेली म्हणजे नुसत्या काटक्या. मालकाने खिशातून ब्लेड काढलं, काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो, आडवा कापला, आत हिरवा म्हणजे जिवंत, काळपट म्हणजे गेला. आपण छाटणीआधी लॅबला काडी देतो ती डोळ्यात घड आहे का बघायला, इथे डोळा जगला का हाच प्रश्न!

तिकडे पारा उणे ३० ला जातो. कॅबर्नेसारख्या युरोपियन जाती उणे २०-२५ ला संपतात, म्हणून नदीकाठच्या जंगली रिपारिया वेलीचं रक्त घालून मिनेसोटा युनिव्हर्सिटीने जाती काढल्या, फ्रॉन्टेनॅक १९९६ ला, मार्केट २००६ ला (नावच तसं आहे, बाजाराशी संबंध नाही). मार्केटचा क्रॉस, म्हणजे संकर, १९८९ चा, म्हणजे १७ वर्षं गेली. त्याच्याही आधी विस्कॉन्सिनचा एल्मर स्वेन्सन नावाचा दूधवाला शेतकरी १९४३ पासून गाई सांभाळून हेच क्रॉस करत बसला होता.

पण ही सगळी ताकद वेल झोपलेली असताना. वसंतात कोंब फुटला की शून्याच्या जरा खाली गेलं तरी जळतो, आणि मार्केट तर लवकर फुटतं म्हणून उशिराच्या गोठवणाऱ्या थंडीत जास्त सापडतं. मी मालकाला मोबाईलवर आमच्या बागेचा जानेवारीतला फोटो दाखवला, पानं हिरवीगार, घड लटकलेले, तो म्हणाला मग ही झोपते कधी?

झोपतच नाही ना! ऑक्टोबर छाटणी झाली की थंडीत माल वेलीवर, पारा ४-५ ला आला की मणी फुगायचे थांबतात, तडकतात, आपण शेकोट्या पेटवतो, पहाटे ड्रिप सोडतो. उणे ३० सोसणारी काडी यात काय करणार? उलट छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपल्याला सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावावी लागते, तिथे कडाक्याच्या हिवाळ्याची सवय असलेली वेल आणून काय फुटवणार? शिवाय फ्रॉन्टेनॅक चाखलं तर दात आंबतात, ॲसिड फार.

अमेरिकन जंगली वेल तशी आपल्याकडे आहेच, डॉगरिज, टेक्सासची, पण खुंट म्हणून जमिनीत, ज्यावर आपण कलम करतो. ती पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी आणली, थंडीसाठी नाही.

— एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड