मेनूकार्डावरचा झिंगा आपल्याच कढईतला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या हॉटेलांची मेनूकार्डं चाळली, की झिंग्याच्या पानावर बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून उचललेला फोटो दिसतो. मुंडक्यासकट मोठा टायगर प्रॉन, शेजारी लिंबाची फोड आणि आपल्याकडे कुणी वापरत नाही असली हिरवी पानं. टेबलावर मात्र येतो काळ्या मसाल्याचा रस्सा आणि त्यात सोललेले, अंगठ्याच्या पेराएवढे झिंगे. रस्सा फक्कड असतो, तरीही गिऱ्हाइकाचा पहिला घास नाराजीनेच जातो. दुसऱ्याचा फोटो परवानगीशिवाय छापणं हा कॉपीराइटचा भंग आहेच, शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. आपल्याच पदार्थाचा चांगला फोटो काढायला एक खिडकी, बऱ्यापैकी मोबाइल, ट्रायपॉड आणि थर्माकोलचा पांढरा तुकडा पुरतो. तो कसा काढायचा, हे हॉटेलवाल्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

सुरुवात आकारापासून करावी लागते. किलोला 40 नग बसणारा झिंगा म्हणजे मुंडकं-सालीसह साधारण 25 ग्रॅमचा. मुंडकं आणि साल काढली की निम्माच उरतो, आणि शिजताना पाणी सुटून 10 ग्रॅमच्या आसपास येतो. त्यामुळे फोटोसाठी वेगळा, मोठा माल आणू नये. रोज जो नग वाढला जातो तोच, आणि प्लेटमध्ये जितके नग देता तितकेच फोटोत दिसावेत. शेपटीची साल मात्र ठेवावी. तिच्यामुळे तुकडा फोटोत लगेच ओळखू येतो.

आपल्याकडे येणारा माल बहुधा बर्फातला किंवा फ्रोझन असतो. तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्यावा. घाईने गरम पाण्यात टाकला, की कडा पांढऱ्या पडतात, आतला भाग गारच राहतो आणि मांस भुसभुशीत होतं. पाठीवर दोन-तीन मिलिमीटरचीच चीर देऊन काळा दोरा (आतडं) काढावा. चीर खोल गेली तर शिजल्यावर झिंगा पुस्तकासारखा उघडतो. डोक्याजवळ काळे डाग पडलेले नग बाजूला काढावेत. कच्च्या झिंग्यातला नारिंगी रंग प्रथिनाला बांधलेला असतो, आच लागली की तो मोकळा होतो. म्हणून हळद आणि खायचा रंग यांची भर घालू नये. कॅमेऱ्यात हळदीचा पिवळा रंग त्या नारिंगीवर मात करतो.

एवढ्या आकाराच्या सोललेल्या झिंग्याला उकळीच्या जरा खालच्या पाण्यात 60 ते 90 सेकंद पुरतात. मांस दुधाळ झालं आणि झिंगा इंग्रजी ‘सी’ इतका वळला, की झाऱ्याने उचलावा. त्याचा ‘ओ’ झाला म्हणजे तो जास्त शिजला. असा झिंगा फोटोत आखडलेला दिसतो आणि तोंडात रबरासारखा लागतो. रस्स्यातही हेच पथ्य पाळावं. मसाला पूर्ण शिजल्यावर झिंगे शेवटी टाकावेत.

खरी परीक्षा काळ्या रस्स्याची. भाजलेला कांदा, खोबरं आणि काळा मसाला यांमुळे तो प्रकाश गिळतो आणि झिंगे तळाशी बसतात. वरून काढलेल्या फोटोत नुसती काळी वाटी दिसते. यावर उपाय असा : पसरट, उथळ वाडगा घ्यावा, तळाशी एक छोटी वाटी पालथी ठेवावी, तिच्यावर झिंगे रचावेत आणि कडेने रस्सा ओतावा. तुकडे निम्मे वर राहतील इतकाच. पालथी वाटी आधाराला आहे, तिच्या जोरावर नग वाढवू नयेत. तर्री वेगळी गरम ठेवून कॅमेरा सज्ज झाल्यावरच चमच्याने सोडावी. खोबऱ्याचं वाटण पाणी शोषत राहतं, त्यामुळे रस्सा चार-पाच मिनिटांत दाटतो आणि वर पापुद्रा धरतो. म्हणून कॅमेरा, कोन आणि प्रकाश आधी रिकाम्या वाडग्यावर जुळवून घ्यावा. झिंग्याच्या पाठी सुकल्या तर खायच्या तेलाचा एक हात ब्रशने फिरवावा. ग्लिसरीन, फवारे असलं काही ताटात येऊ नये. पंखा बंद ठेवावा. कोथिंबीर अगदी शेवटी, एकेक पान चिमट्याने, कारण गरम तर्रीवर ती मिनिटभरात मान टाकते.

प्रकाशासाठी सकाळची उत्तरेकडची खिडकी उत्तम. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारचं ऊन इतकं कडक असतं, की सावल्या काळ्याकुट्ट पडतात. ऊन थेट येत असेल तर खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं धोतर लावावं. खिडकी ताटाच्या मागे, किंचित एका बाजूला असावी. म्हणजे तर्रीवर चमक येते आणि झिंग्याची गोलाई उठून दिसते. समोरच्या बाजूला थर्माकोल उभं करून सावली उजळावी. फ्लॅश नको. खोलीतल्या ट्यूब आणि एलईडी बंद कराव्यात, नाहीतर एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळट छटा येते, आणि ती नंतर संगणकावरही नीट निघत नाही. त्याच उजेडात ताटाशेजारी पांढरा कागद ठेवून पहिला फोटो घ्यावा, रंग जुळवायला तो कामी येतो.

रस्स्याला साधारण 45 अंशांचा कोन बरा, तळलेल्या झिंग्याला त्याहून खालचा, आणि थाळी असेल तर थेट वरून. मोबाइलची रुंद लेन्स जवळच्या वस्तू फुगवते. म्हणून मागे सरकून दोनपट लेन्स वापरावी. कॅमेरा असेल तर ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 5.6 ते 8, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 आणि ट्रायपॉड. फोकस पुढच्या झिंग्याच्या वळणावर धरावा. काळ्या रस्स्यामुळे कॅमेरा फसतो, फोटो जास्त उजळ काढतो आणि झिंग्यांचा नारिंगी रंग धुऊन निघतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा ते पाऊण स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापाने जरासं, खाली आणावं.

वाडगा मॅट मातीचा किंवा फिक्या चिनी मातीचा घ्यावा. स्टीलचं ताट हवंच असेल तर फोटो काढणाऱ्याने लाल शर्ट घालू नये, काठावर तो लाल पट्टा होऊन उतरतो. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि काळा रस्सा गडद टेबलावर दोन्ही हरवतात. खाली फिकं कापड घालावं.

फोटो चांगला निघूनही छपाईत बिघडतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. चार इंच रुंदीसाठी 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) किमान 1200 पिक्सेल लागतात. छपाईच्या चार शाईंत झळझळीत नारिंगी पूर्ण उतरत नाही, आणि कागदावर शाई पसरून काळ्या रस्स्यातले बारकावे बुजतात. म्हणून फाइलमध्ये सावल्या थोड्या उजळून घ्याव्यात, रंग भडक करू नये आणि त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसह एक प्रूफ (छपाईचा नमुना) काढून ट्यूबच्या उजेडात पाहावं. गिऱ्हाईक कार्ड बहुधा रात्रीच वाचतं. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा परावर्तित होतो, मॅटवर रंग जरा मंद होतात. निवड प्रूफ पाहूनच करावी.

फोटोखाली नगांची संख्या लिहावी : ‘झिंगा मसाला, 8 नग’. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मालाचा आकार आणि भाव बदलतो. नग कमी केले तर आकडा आणि फोटो दोन्ही बदलावेत. आणखी एक ओळ ठळक अक्षरांत हवी. झिंग्याची ॲलर्जी असलेल्यांना सुकट आणि जवळाही बाधतो, आणि चटणीत कुटल्यावर तो डोळ्यांना दिसत नाही. अशा प्रत्येक पदार्थापुढे ‘यात झिंगा आहे’ असं छापावं.

आपला,
मेनूकार्डांच्या छायाचित्रणात आणि छपाईत काम करणारा एक वाचक, जळगाव