सावानातल्या त्या काकांना, एका शब्दाबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं हे मला जिना उतरताना आठवलं. परत वर आले तोवर तुम्ही निघून गेला होतात, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. ऑगस्टमधला गुरुवार, दुपारची वेळ, पाऊस लागून राहिलेला. सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, एक बाई मोठी डिक्शनरी पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिच्या हातात बँकेचं पत्र होतं. ती मी.

पत्र लेकीच्या शैक्षणिक कर्जाचं होतं. त्यात कामाची ओळ एकच: तुमच्या अर्जाचा विचार ‘एक्स्टंट गाइडलाइन्स’नुसार केला जाईल. लेकीच्या शाळेच्या पुस्तकात डोडो पक्ष्याच्या चित्राखाली ‘एक्स्टिंक्ट’ असं छापलेलं होतं, आणि तो धडा मी तिच्याकडून कितीदा तरी म्हणवून घेतला होता. मला तोच शब्द वाटला. योजना नामशेष झाली, संपली, आणि बँक ते सभ्य भाषेत कळवते आहे, असं मी धरून चालले. त्याच संध्याकाळी लेकीला सांगितलं की यंदा जमत नाही. ती काही बोलली नाही. प्रवेशाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने कपाटात वरच्या फळीवर ठेवले. पुढचे आठ दिवस मी मशीनवर ब्लाउज शिवत होते आणि नजर त्या फळीवर जात होती.

आठव्या दिवशी मनात आलं, संपलेल्या नियमांनुसार विचार तरी कसा करणार? तेवढ्या एका शंकेवर मी सावानात आले.

“काय शोधताय, ताई?” असं तुम्ही विचारलंत. पत्र घेतलंत, उभ्या उभ्याच वाचलंत, मग छत्री खुर्चीला अडकवून माझ्या समोर बसलात. तुमचं पहिलं वाक्य मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं: “ताई, हा शब्द गेलेल्याचा नाही, राहिलेल्याचा आहे.”

एवढं सांगून तुम्ही वर्तमानपत्राकडे वळला असतात तरी माझं काम झालं होतं. तुम्ही पाऊण तास बसलात. आभार मानायचे आहेत ते त्या पाऊण तासाचे.

बोलता बोलता तुम्ही मला आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांवर नेलंत. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन त्यात आहे. राजा गेला, त्याची आई गेली, सातवाहनांचं राज्य गेलं, लेख मात्र दगडावर आजही वाचता येतो. असा लेख एक्स्टंट. बाकीचं काळाच्या ओघात गेलं आणि हे उरलं, ही छटा त्या शब्दात आहे, म्हणून जुन्या हस्तलिखितांबद्दल, इमारतींबद्दल तो शोभतो. बँकेच्या किंवा सरकारी पत्रात तो येतो तेव्हा अर्थ सरळ असतो: आज लागू असलेले नियम. जुनी परिपत्रकं रद्द होतात, नवी निघतात, त्यातली आजच्या तारखेला जी चालू आहेत ती. “आपल्या सरकारी मराठीत याला प्रचलित म्हणतात,” असं तुम्ही म्हणालात आणि मला एकदम हलकं वाटलं. प्रचलित नियमांनुसार! हे तर मी रेशनच्या कागदांपासून वाचत आले आहे.

मग तुम्ही शब्द उलगडून दाखवलात. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि पुढचा भाग उभं राहण्याचा, आपल्या संस्कृतातल्या ‘स्था’ धातूचा भाऊबंद. स्थान, स्थिर, अवस्था यांतला तोच. आणि एक्स्टिंक्ट? तुम्ही भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बोट केलंत. फायर एक्स्टिंग्विशर, आग विझवणारं. एक्स्टिंक्ट म्हणजे विझलेलं. त्या दिवसानंतर हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधीच एकमेकांत मिसळले नाहीत. कुठल्याही दुकानात ते नळकांडं दिसलं की तुम्ही आठवता. तिसरा भाऊ ‘एक्स्टेंट’ हे नाम आहे, व्याप्ती किंवा मर्यादा, तोही तुम्ही जाता जाता वेगळा काढून दिलात.

तुम्ही मला वाक्य करायला लावलंत. मी म्हटलं, “माझी आजी एक्स्टंट आहे.” तुम्ही हसला नाहीत. एका माणसाबद्दल असं म्हणत नाहीत, नियम, लेख, वास्तू, प्राण्या-वनस्पतींच्या जाती यांच्याबद्दल म्हणतात, एवढंच सांगितलंत. या विशेषणाला कमी-जास्त लागत नाही, एक तर गोष्ट आहे, नाही तर नाही, हेही. दुसऱ्या खेपेला मी अंजनेरीचं कंदीलपुष्प घेतलं, डोंगराच्या नावावरूनच जिचं नाव पडलं ती जात. माझं माहेर त्या बाजूचं. ती जात दुर्मिळ आहे, पण एक्स्टंट आहे. तुम्ही टेबलावर हलकेच थाप मारलीत. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, म्हणजे त्या काळी तो इथे एक्स्टिंक्ट होता आणि आफ्रिकेत एक्स्टंट, हे तुमचं वाक्य मी घरी येऊन लेकीला ऐकवलं.

बँकेत जाताना हा शब्द तोंडाने वापरू नका, “सध्याच्या नियमांत माझ्या अर्जात काय कमी आहे?” असं सरळ मराठीत विचारा, असंही तुम्हीच बजावलं होतंत. शुक्रवारी सकाळी तसंच विचारलं. उत्पन्नाचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता. तो दिला, कर्ज मंजूर झालं, पिशवी फळीवरून खाली आली.

लेक आता पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही ज्या कागदावर तीन शब्द एकाखाली एक लिहून दिले होतेत, तो तिने माझ्याकडे मागितला. मी दिला नाही, तो माझ्या पासबुकात आहे. तिला नक्कल करून दिली.

त्यानंतर चार गुरुवार मी सावानात येऊन गेले. तुम्ही दिसला नाहीत. तब्येत बरी असेल ना, ही काळजी लागून राहिली आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर एवढंच कळवा की कुठल्या दिवशी येता. लेकीला तुमच्या पाया पडायचं आहे, आणि मला तुमचं नाव विचारायचं आहे.

आपली,
ब्लाउज शिवणारी, बँकेच्या पत्रवाली ताई
पंचवटी, नाशिक