रात्रपाळीच्या सिस्टरांना, खांद्यांखालच्या दुपट्याबद्दल

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आमचं दीड महिन्याचं बाळ धापा टाकत तुमच्या वॉर्डात आलं, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी त्याच्या डोक्याखालची राईची उशी काढलीत. त्याचंच दुपटं दुमडून जेमतेम 2 सेंटिमीटर जाडीची घडी खांद्यांखाली सरकवलीत. वहिनीनं फोनवर हे सांगितलं आणि मला रडूच फुटलं. लहान मुलांना भूल देणं हे माझं काम आहे, त्या घडीचं मोल मला कळतं.

इतक्या लहान बाळाचं डोकं मागून मोठं असतं. पाठीवर निजवलं की हनुवटी छातीकडे झुकते, उशी असली की आणखीच. जीभ तोंडाच्या मानानं मोठी, श्वासनलिका मऊ. मान वाकली की वाट दबते, आणि फार मागे ताणली तरी दबतेच. म्हणून घडी मानेखाली नव्हे, खांद्यांखाली हवी. नाक छताकडे, कानाचं भोक खांद्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत. तुम्ही ते नुसत्या नजरेनं साधलंत.

आधीच्या ठिकाणी ऑक्सिजन वाढवला, नेब्युलायझरची वाफ पुन्हा पुन्हा दिली, उशी मात्र कोणी काढली नाही. नाकातला स्राव ओढायची नळी इतक्यांदा खोल घातली की आतलं अस्तर सुजलं. या वयाची बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात, हे तिथं कोणाच्याच लक्षात येऊ नये? माझा राग अजून शमलेला नाही. बाळाला झालेल्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या संसर्गात, अडथळा सुजेचा आणि चिकट स्रावाचा असतो, तिथं वाफेतून देतात त्या सॅल्ब्युटॅमॉलचा, म्हणजे श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचा, सहसा उपयोग होत नाही. 4 मिलिमीटर रुंद श्वासमार्गात सगळीकडून 1 मिलिमीटर सूज आली तर 2 मिलिमीटरच वाट उरते, आणि शांत श्वासालाही अडथळा 16 पट होतो. बाळ रडलं की त्याहून जास्त. म्हणूनच तुम्ही आईला त्याच्या नजरेसमोरून हलू दिलं नाहीत.

सलाइनचे दोन-दोन थेंब, थोडं थांबून फक्त नाकपुडीच्या तोंडाशी सक्शन. श्वास पूर्ण एक मिनिट मोजलेत. ते 60 च्या खाली आल्यावरच दूध, तेही थोडं थोडं. छाती आत ओढली जाणं कमी होतंय, हे वहिनीला बोट ठेवून दाखवलंत.

आणि उशीवरून तिला किंवा आजीला एका शब्दानं दोष दिला नाहीत. घाबरलेल्या माणसाचा मान राखून काम करणं फार थोड्यांना जमतं. घरी सोडताना एवढंच बजावलंत, की घडी इथं आमच्या डोळ्यांसमोर होती, घरी निजवताना उशी नको, घडीही नको, पाठीवर सपाट निजवा. आजीनं ते लगेच मानलं.

नव्या मुलींना ती घडी घालायला तुम्हीच शिकवा, सिस्टर.

तुमची ऋणी,
बाळाची आत्या